मराठी रोमँटिक कवितेतील मूल : काही भाषिक निरीक्षणे

केशवसुतांपासून रविकिरण मंडळापर्यंतच्या मराठी कवितेत बालपणाचे जे चित्र आढळते, त्याचे मूळ इंग्रजी रोमँटिक काव्यात, विशेषतः वर्ड्सवर्थमध्ये आहे, हे विधान आपल्याकडे इतक्यांदा केले गेले आहे की, पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत पहिल्याच परिच्छेदात लिहून मोकळा होतो. हे विधान खोटे नाही. पॅल्ग्रेव्हचा 'गोल्डन ट्रेझरी' हा १८६१ मध्ये प्रथम निघालेला संग्रह त्या काळी इंग्रजी शिकलेल्या मराठी कवींच्या चांगल्या परिचयाचा होता, आणि वर्ड्सवर्थची बाल्यस्मृतीवरील प्रसिद्ध उद्देशिका त्या संग्रहात होती. तथापि प्रभाव मान्य केला म्हणजे कवितेचा उलगडा झाला असे होत नाही. बाहेरून आलेली कल्पना एखाद्या भाषेत उतरते, तेव्हा ती त्या भाषेच्या व्याकरणातून, तिच्या नातेवाचक शब्दांतून आणि हाक मारण्याच्या रीतीतून उतरते. आणि उतरताना बदलते. हा बदल कोठे व कसा झाला, याचा भाषेच्या बाजूने विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यात कवितांचे अवतरण दिलेले नाही. चर्चिलेल्या बहुतेक कविता वाचकांच्या नित्य परिचयाच्या आहेत.

प्रथम इंग्रजी बाजूचे थोडे स्मरण केले पाहिजे. रूसोचा 'एमील' हा ग्रंथ १७६२ चा. मूल म्हणजे अपुरा प्रौढ नव्हे, त्याच्या अवस्थेला तिचे स्वतःचे मूल्य आहे, ही भूमिका त्याने प्रतिष्ठित केली. ब्लेकची 'निरागसतेची गीते' १७८९ मध्ये आणि त्यांची जोडगीते, 'अनुभवाची गीते', १७९४ मध्ये आली. वर्ड्सवर्थची ती उद्देशिका १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात बालक हे दिव्य उगमाच्या सर्वांत जवळ असते आणि वय वाढते तसतसा तो प्रकाश मावळत जातो, असा विचार आहे. दुसऱ्या एका लहानशा कवितेत त्याने बालक आणि प्रौढ यांचे पितापुत्राचे नातेच उलटे करून मांडले. या काव्यातील बालपणाची दोन लक्षणे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, येथील मूल बहुधा एकटे असते; डोंगर, ओढा, वारा हे त्याचे सोबती, आणि आईबाप पडद्याआड. दुसरे, बालपणाविषयी बोलणारा हा मोठा झालेला तोच मुलगा असतो. बालपण ही त्याची स्वतःची, हरवलेली मालमत्ता आहे. म्हणजे हे काव्य मुख्यतः प्रथम पुरुषाचे आणि भूतकाळाचे आहे.

मराठीत याआधी बालपण नव्हते काय? फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये असे प्रतिपादन केले की, मध्ययुगीन युरोपला बालपणाची वेगळी कल्पनाच नव्हती. त्याच्या मताला त्याच्याच देशात व इतरत्र पुष्कळ विरोध झाला, आणि आपल्याकडे तर ते लावून पाहण्याचे धाडस करू नये. नामदेवांच्या नावावरील बालक्रीडेचे अभंग, एकनाथांच्या गौळणी यांतील कृष्ण हा रांगतो, चोरी करतो, खोटे बोलतो, मार चुकवतो. हे निरीक्षण खऱ्या मुलांचेच आहे. संस्कृत परंपरेने तर वयाच्या पायऱ्याही आखून ठेवल्या होत्या : पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, त्यापुढे कैशोर. (आज आपण 'पौगंडावस्था' हा शब्द ज्या वयाला लावतो, ते वय मूळच्या पौगंडानंतरचे आहे. शब्द पाच-सहा वर्षांनी पुढे सरकला आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही.) फरक आहे तो दिशेचा. भक्तिकाव्यात देव मूल होऊन खाली येतो. रोमँटिक काव्यात कोणाचेही साधे मूल देवाच्या जागी चढते. पहिल्यात लीला आहे, दुसऱ्यात तत्त्वज्ञान.

या स्थित्यंतराची खूण एका शब्दात फार चांगली दिसते. तुकोबांच्या एका सर्वतोमुखी अभंगात देवाकडे लहानपण मागितले आहे. तेथे मुंगी आणि ऐरावत यांची तुलना आहे. लहानाच्या वाट्याला गोड येते आणि थोराच्या वाट्याला अंकुश, असा त्याचा रोख आहे. म्हणजे 'लहानपण' हा शब्द तेथे वयाचा वाचक नसून नम्रतेचा, क्षुद्रत्वाच्या स्वीकाराचा वाचक आहे. त्याचा विरोधी शब्द 'थोरपण' होय, 'म्हातारपण' नव्हे. पण आज हाच अभंग शाळांच्या स्नेहसंमेलनांतून, शुभेच्छापत्रांतून 'गेलेले बालपण परत दे' अशा अर्थाने म्हटला जातो. तुकोबा व आपण यांच्यामध्ये रोमँटिक कविता होऊन गेल्याशिवाय हा अर्थपालट शक्य नव्हता. ज्याला प्रभाव मोजावयाचा आहे त्याने समान कल्पनांच्या याद्या करण्यापेक्षा असे सरकलेले शब्द शोधावेत, असे मला वाटते.

आता मराठीच्या व्याकरणाने या कल्पनेचे स्वागत कसे केले ते पाहू. मराठीत मूल हे नपुंसकलिंगी आहे. लेकरू, पोर, पोरगे, कार्टे हेही तसेच. 'बाळ' हा शब्द नाव म्हणून पुल्लिंगी, पण तान्ह्या जिवाविषयी बोलताना नपुंसकलिंगीच. आणि याच लिंगात वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, पिल्लू, पाखरू हे सारे आहेत. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू यांचा शेवटचा ध्वनीही एकच. शिवाय 'फूल' नपुंसकलिंगी, आणि ते 'मूल' या शब्दाशी यमकात बसते. परिणामी 'ते हसते', 'ते झोपले', 'ते गोजिरवाणे' ही पदे मुलाला, कोकराला, पाखराला आणि फुलाला सारखीच लागू पडतात. इंग्रजीतही तान्ह्या मुलाला नपुंसक सर्वनाम चालते, जर्मनमध्ये मूलवाचक शब्द नपुंसकलिंगी आहे. पण इंग्रजीतून व्याकरणिक लिंग गेल्यामुळे विशेषण-क्रियापदांचा हा मेळ तेथे उरला नाही. कोकणीत तर वयाने लहान, अविवाहित मुलीचाही उल्लेख 'तें' असा होतो. मराठीत मूल 'मुलगा' किंवा 'मुलगी' झाले की ते या कळपातून बाहेर पडते.

व्याकरणिक लिंग कविता निर्माण करीत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ते फार तर काही उपमा स्वस्त करते. मूल आणि फूल, मूल आणि पाखरू ही रोमँटिक समीकरणे मराठीत आली तेव्हा परकी वाटली नाहीत, याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण जात्यावरच्या ओवीत आहे. तेथे लेक हा राघू आणि लेकरातली मुलगी ही मैना पूर्वीपासूनच होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांना (१८६१–१९१९) 'फुलामुलांचे कवी' ही जी ओळख मिळाली, ती या दोन्ही वारशांवर उभी आहे. टिळकांचे ममत्व अस्सल होते यात शंका नाही. पण त्यांच्या अनुयायांच्या हाती फूल आणि मूल यांची जोडी लवकरच सवयीची झाली, आणि त्या काळच्या मासिकांतील पुष्कळशी बालविषयक कविता आज वाचवत नाही. जे स्वस्त मिळते ते उधळले जाते.

केशवसुतांकडे (१८६६–१९०५) पाहिले असता वेगळाच प्रकार दिसतो. ते जन्माने मालगुंडचे, पेशाने शिक्षक. आयुष्याचा मोठा भाग मुंबई, खानदेश, धारवाड अशा ठिकाणी कोकणापासून दूर गेला. 'नैर्ऋत्येकडल्या वाऱ्यास' आणि 'गोष्टी घराकडील' या त्यांच्या कविता स्मृतीच्या आहेत, आणि वर्ड्सवर्थच्या सर्वांत जवळ जाणारे मराठी काव्य कदाचित हेच. पण त्यांतही एकट्या मुलाला दिसलेला दिव्य प्रकाश आठवत नाही. आठवते ते घर, गाव, तेथली माणसे. आणि दोन्ही कवितांना श्रोता आहे : एकीत वारा, दुसरीत 'गडी'. स्मृतीसुद्धा कोणाला तरी उद्देशून सांगितल्याशिवाय त्यांना सांगता येत नाही. बालपणातील तो दिव्य अंश त्यांनी घेतला आहे, पण दुसरीकडे. १८९३ मधील 'झपूर्झा' ही कविता त्या दृष्टीने पाहावी. मुली झिम्मा-फुगडी खेळताना 'जा पोरी जा' हे शब्द घाईघाईने म्हणतात, त्यांचा वेगाने झालेला अपभ्रंश म्हणजे 'झपूर्झा', असा या शब्दाचा उलगडा अभ्यासक करीत आले आहेत. ज्या अवस्थेत हर्ष-खेद मावळतात, अशा प्रतिभेच्या अवस्थेला नाव देताना कवीने संस्कृत कोश उघडला नाही. परकराचा घेर धरून गिरक्या घेणाऱ्या पोरींच्या तोंडचा अर्थ झिजलेला ध्वनी उचलला. वर्ड्सवर्थचे मूल पाहते. येथे मुली एकमेकींचे हात धरून खेळतात, आणि खेळता खेळता त्यांच्या तोंडी भाषेचा अर्थ विरघळतो. उसन्या कल्पनेचे याहून चांगले स्वभाषीकरण मला ठाऊक नाही.

परंतु मराठी रोमँटिक कवितेचे खरे वैशिष्ट्य पाहावयाचे असेल तर ज्या कवितांत बोलणारा मोठा झालेला मुलगा नसून आई किंवा बाप आहे, त्यांच्याकडे वळले पाहिजे. प्रथम पुरुषाची जागा येथे द्वितीय पुरुष घेतो, भूतकाळाची जागा आज्ञार्थ घेतो : नीज, ऊठ, रडू नको, सांग. मूल येथे आठवले जात नाही. त्याला हाक मारली जाते.

कवी दत्त, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे (१८७५–१८९९), यांचे अंगाईगीत घ्या. दत्त चोविसाव्या वर्षी वारले. त्यांच्या कविता पुढे त्यांचे चिरंजीव वि. द. घाटे यांनी प्रसिद्ध केल्या. या अंगाईत बाप मुलाला निजवीत आहे. रात्र झाली आहे, पण आकाशात पसरलेल्या अंधाराला उपमा गरिबांच्या मनाची दिली आहे, आणि थकून निजलेल्या जगाला उपमा बापाच्या स्वतःच्या आशांची. घर जुने, मोडकळीला आलेले. ते उभे आहे तोवर मुलाने निर्धास्त निजावे, पुढची काळजी देवाने करावी, एवढेच बाप सांगू शकतो. याच्या शेजारी कोलरिजची १७९८ मधील 'मध्यरात्रीचे हिम' ही कविता ठेवावी. तेथेही रात्र आहे, तेथेही पाळण्यात मूल निजले आहे आणि बाप जागा आहे. मीही वर म्हटलेल्या लक्षणांना ती अपवादच आहे. पण कोलरिजचा बाप मुलासाठी इच्छितो ते सरोवर, डोंगर, मेघ यांचे शिक्षण, जे त्याला स्वतःला शहरातील शाळेत मिळाले नाही. त्याला चिंता आहे ती मुलाच्या आत्म्याची. दत्तांच्या बापाला चिंता आहे ती छपराची. दत्तांनी 'बाळा' म्हणून घातलेली साद आणि त्या सादेभोवती रचलेल्या उपमा यांत जो विसंवाद आहे, म्हणजे स्वर निजवणारा आणि आशय झोप उडवणारा, तोच या कवितेचा प्राण आहे. मुलाला फक्त चाल ऐकू येते. शब्द वाचकासाठी आहेत.

गोविंदाग्रजांच्या (१८८५–१९१९) 'राजहंस माझा निजला' या कवितेत हीच अंगाईची भाषा अधिक भयंकर रीतीने वापरली आहे. निष्प्राण मुलाला मांडीवर घेऊन आई बसली आहे. तो गेला हे ती मान्य करीत नाही. भोवतालच्या माणसांना ती गलका करू नका म्हणून सांगते, कारण आत्ताच कोठे त्याचा डोळा लागला आहे. आपल्या घरांत रोज उच्चारले जाणारे वाक्य, निजलेल्या मुलाजवळ मोठ्याने बोलू नका हे, त्यातला एकही शब्द न बदलता येथे असह्य होते. वर्ड्सवर्थच्या १७९८ मधील 'आम्ही सात आहोत' या कवितेशी याची तुलना उद्बोधक आहे. तेथे आठ वर्षांची मुलगी आपली दोन भावंडे मरून स्मशानभूमीत पुरली गेली असतानाही आपण सातजण आहोत असा हट्ट धरते, आणि प्रौढ प्रवासी तिच्याशी हिशेबाचा वाद घालतो. मृत्यूचे अज्ञान तेथे मुलाकडे आहे, आणि ते अज्ञान म्हणजेच श्रेष्ठ ज्ञान, असे कवी सुचवतो. गोविंदाग्रजांनी ते अज्ञान आईकडे दिले. त्यामुळे त्याचे तत्त्वज्ञान होऊ शकत नाही. त्याची वेदनाच राहते. ज्या काळात नोंदल्या गेलेल्या आकड्यांप्रमाणेसुद्धा आपल्या देशात हजार जन्मांमागे सुमारे दोनशे मुले वर्षाच्या आत जात होती, त्या काळच्या वाचकाला ही कविता कल्पनाविलास वाटली असण्याचा संभव नाही.

तिसरे उदाहरण 'बी' यांचे. नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७) हे वऱ्हाडचे, जन्म मलकापूरचा, संग्रह 'फुलांची ओंजळ' (१९३४). 'माझी कन्या' ही त्यांची कविता आपल्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानुपिढ्या शिकवली गेली, आणि बहुधा अर्धीच शिकवली गेली. मुलगी रडत आली आहे. रेशमी कपडे ल्यालेल्या श्रीमंत घरच्या मुलींनी तिला भिकारीण म्हणून हिणवले आहे. बाप तिची समजूत घालतो. येथपर्यंत सर्वांना आठवते. पण शेवट पाहण्यासारखा आहे. चांगली मुले देव आमच्यासारख्या करंट्यांना का देतो, असा प्रश्न निघतो, आणि त्याचे उत्तर देवाकडेच विचारायला आपण जातो, असे बाप म्हणतो. या जाण्याचा अर्थ प्रौढ वाचकाला कळतो. मुलीला बाप परगावी निघालासे वाटते. ती क्षणात रडे विसरते, बापाच्या गळ्यात हात टाकते आणि मीही येते म्हणते.

ही सबंध रचना दोन क्रियापदांवर तोललेली आहे : बापाच्या तोंडी 'जाणे', मुलीच्या तोंडी 'येणे'. मराठी घरात निरोप घेताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून 'जातो' म्हटले तर घरातले वडीलधारे माणूस लगेच टोकते. 'जाणे' या क्रियापदाला मरणाची छाया आहे आणि ती टाळण्यासाठी भाषेने ही तडजोड केली आहे. बापाने ती तडजोड मोडली. मुलीला ती अजून ठाऊक नाही. तिने आपल्या 'येते' या साध्या, सोबतीच्या शब्दाने, नकळत, त्या वाक्याची भाषिक दुरुस्ती केली, आणि त्याच शब्दाने अर्थ अधिकच भीषण केला. याचे इंग्रजी भाषांतर होऊ शकत नाही असे मी म्हणणार नाही. पण भाषांतरात ही कविता घडवणारी गोष्टच गळून पडेल. वर्ड्सवर्थच्या त्या आठ वर्षांच्या मुलीची ही धाकटी बहीण खरी, परंतु तिला बोलणे शिकवले ते मराठीने.

रविकिरण मंडळातील यशवंतांनी (१८९९–१९८५) 'आई' या कवितेत हीच परंपरा उलट बाजूने पुरी केली. तेथे हाक मारणारे मूल आहे, पण हाक घेणारी नाही. दुसरे कोणी आपल्या आईला हाक मारताना ऐकू येते, आणि ज्याला आई नाही त्याला ती हाक लागते. चिमणी पिलांना भरवते, गोठ्यात गाय वासराला चाटते. वर सांगितलेला तो नपुंसकलिंगी कळप येथे पुन्हा भेटतो, मात्र आता सजावट म्हणून नव्हे. कळपातले एकच वगळले गेले आहे.

बालकवींना (१८९०–१९१८) मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण त्यांच्या नावामुळे त्यांच्याविषयी गैरसमज फार. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 'बालकवी' ही पदवी दिली, ती वयावरून. ते बालपणाचे कवी म्हणून नव्हे. त्यांच्या निसर्गात आनंद आहे, खेळकरपणा आहे, पण मूल असे क्वचितच आहे. 'फुलराणी' हा मोठा अपवाद. तिथली कुमारिका आरंभी आईच्या, म्हणजे हिरव्या धरणीच्या, मांडीवर खेळते आहे. प्रणयाची तिला जाण नाही. मग संध्याकाळची चेष्टा, रात्रीची अस्वस्थता, आणि पहाटे सूर्यकिरणाशी लग्न. सगळी सृष्टी त्या लग्नाला वऱ्हाडी आहे. वर्गात ही कविता केवळ चित्रमयतेसाठी शिकवली जाते. पण एका रात्रीत आईच्या मांडीवरून बोहल्यावर जाणे हे त्या काळच्या मुलींचे चरित्रच होते. संमतिवयाचा १८९१ चा कायदा फक्त दहाचे वय बारावर नेऊ शकला. मुलींसाठी चौदा वर्षांची विवाहमर्यादा आणणारा शारदा कायदा १९२९ चा, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. बालकवींनी याविरुद्ध काही म्हटले आहे असा माझा दावा नाही. त्यांनी ते इतके सुंदर केले आहे की विरोधाला जागाच उरत नाही, आणि या सौंदर्याकडे आज किंचित सावधपणे पाहावयास हवे. बालविवाहाचे प्रमाण राज्यात ज्या जिल्ह्यांत अधिक आढळते त्यांत आपला बीड जिल्हा आहे. आपल्या वर्गात 'फुलराणी' वाचणाऱ्या काही मुलींच्या बाबतीत तो शेवटचा प्रसंग केवळ रूपक नसतो.

आपल्या भागातील विद्यार्थ्यांसमोर ही कविता शिकवताना आणखी एक अडचण जाणवते, आणि ती शिक्षकांनी उघडपणे विचारात घेतली पाहिजे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. मुकादमाकडून उचल घेताना नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरली जाते. त्या हिशेबात मुलाला शब्दच नाही. मूल मात्र बरोबर असते. ते कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, वाढ्याच्या पेंढ्या गोळा करते. साखरशाळा झाल्या, मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे झाली. तरीही ज्यांच्या बालपणाचे काही हिवाळे फडात गेले, असे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत आहेत. त्यांना केशवसुतांचे स्मृतिरम्य घर दूरचे वाटते, पण दत्तांच्या अंगाईतले मोडके छप्पर लगेच ओळखू येते, असा माझा अनुभव आहे. हाक मारण्याची ती भाषाही त्यांची आहे. आपल्याकडे अजून मुलाला 'मूल' म्हणत नाहीत, 'लेकरू' म्हणतात. वीस वर्षांच्या मुलालाही म्हातारी 'लेकरा' म्हणून हाक मारते, आणि एवढ्याशा मुलीला 'माय' म्हणते. मूल हेच आईबाप, हा वर्ड्सवर्थचा चमत्कृतिपूर्ण विचार आपल्या ओसरीवर रोजच्या संबोधनात पूर्वीपासून पडून होता.

पण दत्त आणि बी यांचे गरीब मूलसुद्धा काम करीत नाही. ते निजते, रडते, रुसते. हे कवी शिक्षक, कारकून अशा मध्यमवर्गातले. त्यांचे दारिद्र्य खरे होते, पण ते पांढरपेशा घराचे दारिद्र्य होते. इंग्रजी रोमँटिक काव्यात कष्टकरी मूल होते, ते ब्लेककडे. त्याच्या १७८९ मधील गीतात धुराडी साफ करणारा मुलगा इतक्या लहानपणी विकला गेला आहे की, धंद्याची आरोळीही त्याला नीट मारता येत नाही. 'स्वीप' मधला आद्य ध्वनी सुटून 'वीप' उरतो, आणि 'झाडलोट' याऐवजी 'रडा' असा अर्थ रस्त्यावर ऐकू येतो. बोबड्या उच्चारावर इतकी मोठी सामाजिक कविता उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण चटकन सांगता येणार नाही. पॅल्ग्रेव्हच्या संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीत ब्लेकची एकही कविता नव्हती. मराठी कवींना तो वेळेवर भेटला असता तर काय झाले असते, हा प्रश्न निष्फळ आहे. कारण उणीव वाचनाची होती तशीच शेजाराचीही होती. ज्यांची मुले कामाला जात ती घरे या कवींच्या आळीत नव्हती.

मराठीत कष्टकरी मुलाचा स्वतःचा आवाज आला तो पुढे, मुख्यतः गद्यातून : दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी' (१९८४). येथे पुन्हा प्रथम पुरुष आला, भूतकाळ आला. वर्ड्सवर्थची ती रचना जणू दीडशे वर्षांनी मराठीत स्थिरावली. मात्र हरवलेला प्रकाश तीत नाही, कारण तो कधी पडलाच नव्हता. 'उपरा'मधील बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा आणि मध्येच शाळेत बसणारा मुलगा, आणि फडावरून फेब्रुवारीत शाळेत परतणारा आपला मुलगा, यांच्या भाषेत काय साम्य आहे, हजेरी, गाव, घर, परत येणे हे शब्द ते कसे वापरतात, याचा पद्धतशीर अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा. हंगामी वसतिगृहांतील मुलांचे बोलणे त्यासाठी उत्तम सामग्री ठरेल. त्यात 'जातो' आणि 'येतो' यांची नोंद प्रथम करावी. आईबाप कारखान्यावर निघतात त्या दिवशी मागे राहणारे मूल यांतले कोणते क्रियापद वापरते, हे मला अद्याप कोठे लिहिलेले आढळलेले नाही.